वळचणीचं पाणी आढ्याला

भारतातल्या मोठ्या शहरांची नावं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे तिथली नदी लिहीत जा. दिल्लीपुढे यमुना, कोलकात्यापुढे हुगळी, अहमदाबादपुढे साबरमती, हैदराबादपुढे मुसी, पुण्यापुढे मुळा-मुठा. मुंबई आणि चेन्नईला समुद्र आहे, त्यांचं भागतं. बेंगळुरूपाशी मात्र पेन अडतं. नदी नाही, समुद्र नाही, घाटाचं तोंड नाही. समुद्रसपाटीपासून जवळजवळ नऊशे मीटर उंचीच्या माळावर हे अवाढव्य शहर पसरलंय. शहाण्या माणसाने पाण्याच्या काठी गाव वसवावं, हा सगळ्या जगाचा रिवाज. मग इथे आधी कोण आलं आणि कशाला?

नकाशा जरा निरखून पाहिला की आणखी एक मजा कळते. बेंगळुरू हे कौलारू घराच्या आढ्यावर बसलेलं शहर आहे. शहरातून साधारण उत्तर-दक्षिण अशी जमिनीची एक उंच कड जाते. तिच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वृषभावती नावाच्या ओढ्यात जातो, तिथून अर्कावतीत आणि अर्कावतीतून कावेरीत. पूर्वेला पडलेला पाऊस बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांकडे उतरतो, पुढे दक्षिण पिनाकिनीला मिळतो. ही नदी तमिळनाडूत शिरली की तिला पोन्नैयार म्हणतात आणि ती कडलूरजवळ समुद्राला भेटते. कावेरी त्याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला, तंजावरचा सगळा मुलूख भिजवून मग समुद्रात शिरते. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब मल्लेश्वरम्-बसवनगुडीच्या परिसरात थोड्याशा अंतरावर पडले, तर त्यांची पुन्हा भेट थेट बंगालच्या उपसागरात. उत्तरेला नंदीदुर्गाच्या डोंगरांत गेलात तर हा खेळ आणखी रंगतो. अर्कावती, दोन्ही पिनाकिनी, पालार अशा कितीतरी नद्यांची माहेरं त्याच डोंगररांगेत आणि तिच्या आसपास आहेत.

मला या कडेचं कौतुक वाटतं ते आणखी एका कारणाने. मराठ्यांच्या इतिहासाची एक फार महत्त्वाची वाट इथेच दुभंगली. पण त्याआधी पायाखालचा दगड बघू.

आपण महाराष्ट्रातली माणसं काळ्या दगडावर वाढलेली. रायगड असो, वेरूळ असो की घराचं जोतं, दगड म्हणजे बेसॉल्ट. तो ज्वालामुखीच्या लाव्हारसातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. आपल्याला हे वय प्रचंड वाटतं. आता लालबागेत या. आत एका बाजूला उघडा खडक लागतो, त्यावर शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळातला एक छोटा बुरूज आहे. संध्याकाळी त्यावर कॉलेजची पोरं बसतात, आजोबा फेऱ्या मारतात. खाली वाकून दगड पाहा. करड्या अंगात पांढरट आणि काळपट पट्टे एकाआड एक, कुठे सरळ, कुठे पिळलेले, कुठे घडी पडून परत फिरलेले. प्रचंड दाब आणि उष्णता सोसताना दगड मऊ होऊन वळला, त्याच्या या खुणा. याला भूवैज्ञानिक द्वीपकल्पीय नाइस म्हणतात. या दगडाचं वय सुमारे तीनशे कोटी वर्षं! सह्याद्रीचा कातळ त्याच्यापुढे कालचं पोर. पृथ्वीचं सगळं आयुष्य साडेचारशे कोटी वर्षांचं, म्हणजे तिच्या दोन तृतीयांश आयुष्याचा साक्षीदार तुमच्या चपलेखाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. तशी पाटीही आहे. बहुतेक लोक तिला पाठ टेकून शेंगा खातात.

शहराच्या नैर्ऋत्येला रामनगरकडे निघालात की दगड बदलतो. तिथे गुलाबी-करडा ग्रॅनाइट आहे, वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. त्याचे गोल, गुळगुळीत, अंगावर झाडाची काडी नसलेले डोंगर पाहिले की ओळखीचे वाटतात. वाटणारच. ‘शोले’तला गब्बर याच खडकांत राहत होता, रामगढचा सेट इथेच लागला होता. तिथून जवळच सावनदुर्ग आहे, एकाच दगडाचा वाटावा असा पहाड. हे नाव लक्षात ठेवा, कारण बेंगळुरू गमावल्यावर केंपेगौडांचं घराणं त्याच बाजूला, मागडी-सावनदुर्गकडे सरकलं.

असल्या दगडावर पाणी मुरणार किती आणि साठणार कुठे? इथेच माणसाची अक्कल दिसते. बेगूरच्या देवळातल्या नवव्या शतकाच्या अखेरच्या वीरगळावर ‘बेंगळुरू’ इथल्या लढाईचा उल्लेख आहे, म्हणजे गाव जुनं. पण आजचं शहर विजयनगरच्या सम्राटांचा मांडलिक असलेल्या पहिल्या केंपेगौडाने १५३७ साली वसवलं. त्याने आणि त्याच्या वंशजांनी मातीचा कोट घातला, पेठा आखल्या आणि तळी बांधली. अरळेपेट कापसाची, अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, कुंभारपेट कुंभारांची. पुण्याच्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही.

तळ्यांची युक्ती मात्र पुण्याकडे नाही, निदान या प्रमाणात नाही. आढ्यावर नदी नसते, पण उतार असतो. प्रत्येक खोलगट जागेला मातीचा बांध घालायचा, वरचं तळं भरलं की जास्तीचं पाणी कालव्याने खालच्या तळ्यात, ते भरलं की त्याच्या खालच्यात. अशी माळ उतारावर लावत जायची. पावसाचा एकही थेंब एका उडीत दरीत जाऊ द्यायचा नाही. या कालव्यांना इथे राजकालुवे म्हणतात. आज शहरात ‘केरे’ने संपणारं नाव ऐकलं की समजावं, इथे तळं होतं किंवा अजून आहे. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक झालं, संपंगी तळ्यात कंठीरव स्टेडियम उभं राहिलं. जोराच्या पावसात शहराचा एखादा भाग कमरेइतक्या पाण्यात जातो, तेव्हा पाणी आपल्या जुन्या पत्त्यावर आलेलं असतं.

बेंगळुरूत सतराव्या शतकात मराठ्यांचा अंमल होता, त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रान्सच्या दक्षिणेतल्या लांगदॉक प्रांतात, एक माणूस अशाच आढ्याशी झुंजत होता. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी. त्याला अटलांटिक आणि भूमध्य समुद्र कालव्याने जोडायचे होते. अडचण अशी की मध्ये नोरूज नावाची खिंड आहे, तिथून अर्धं पाणी एका समुद्राकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे. कालव्याच्या सर्वांत उंच टोकावर पाणी आणायचं कुठून? रिकेने जवळच्या डोंगरातले ओढे चर खणून वळवले, सँ फेरेओलला मोठं धरण बांधलं आणि ते सगळं पाणी आणून नोरूजच्या माथ्यावर ओतलं. तिथून ते दोन्ही बाजूंना वाहू लागलं. १६६६ ला राजाची परवानगी मिळाली, १६८१ ला सुमारे २४० किलोमीटरचा कालवा खुला झाला, आणि रिके त्याच्या आदल्या वर्षी वारला. लांगदॉकची आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला लागून आहे. तो प्रांत कवींचा. तिथली ऑक्सितान भाषा दरबारी काव्याची भाषा होती. तुलूज शहरात १३२३ साली सात जणांनी कवितेची स्पर्धा सुरू केली, बक्षीस सोन्याचं फूल. पण राजकीय सत्ता उत्तरेकडच्या पॅरिसची झाली आणि १५३९ च्या फर्मानाने सरकारी कागदांत फ्रेंचच वापरायची असं ठरलं. मुलूख राहिला, भाषा घरात गेली. बेंगळुरूच्या मराठीचंही पुढे असंच काहीसं झालं.

आता शहाजीराजे. १६३६ मध्ये निजामशाही वाचवायचा त्यांचा डाव माहुलीला संपला. मोगल आणि आदिलशहा यांच्या तहात शहाजी आदिलशाहीच्या चाकरीत गेले, आणि पुणे-सुप्याची जहागीर ठेवूनही त्यांना महाराष्ट्रातून लांब दक्षिणेला धाडण्यात आलं. हेतू स्पष्ट होता, या माणसाला सह्याद्रीजवळ ठेवायचं नाही. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर त्यांनी बेंगळुरू घेतलं, आणि हे गाव, कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरा असा मुलूख त्यांच्या ताब्यात आला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकतो. शहाजीराजे दक्षिणेत होते, बस. जणू काही तिथे ते वाट पाहत बसले होते!

खरं म्हणजे बेंगळुरू त्यांनी राजधानीसारखं सजवलं. चिकपेटच्या बाजूला गौरीमहाल नावाचा त्यांचा वाडा होता असं सांगतात. हवा थंड, कोट भक्कम, तळी भरलेली. इथून खाली तमिळ मुलखात उतरणाऱ्या वाटा हाताशी. नारो त्रिमल हणमंते यांच्यासारखे कारभारी आले, वसुलीची महाराष्ट्रातली पद्धत आली, देशस्थ ब्राह्मण, मराठे, शिंपी, रंगारी आले. आणि कवी आले. जयराम पिंड्ये नावाच्या कवीने शहाजींच्या दरबारावर ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला. जयराम स्वतः बारा भाषांत कविता करत असे. दरबारात संस्कृत, मराठी, कन्नड, तेलुगू, फारसी, हिंदुस्तानी अशा अनेक भाषांतले कवी जमत, समस्या टाकत, पूर्ती करत. या ग्रंथाची पोथी इतिहासाचार्य राजवाड्यांनी शोधून १९२२ साली छापली आणि तिला लिहिलेली लांबलचक प्रस्तावना मूळ ग्रंथाइतकीच गाजली. बेंगळुरू बहुभाषक झालं ते सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे, असं म्हणणाऱ्याला ही पोथी दाखवावी.

१६४० च्या सुमाराला जिजाऊसाहेब आणि दहा-बारा वर्षांचे शिवाजीराजे पुण्याहून बेंगळुरूला आले आणि काही काळ राहून परत गेले. थोरले बंधू संभाजीराजे वडिलांजवळच राहिले. धाकटे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजीही म्हणतात, इथेच वाढले. जरा विचार करा, एका वाड्यात काही महिने ही सगळी मुलं एकत्र असतील. पुढे एक रायगडावर छत्रपती होणार, एक तंजावरच्या गादीवर बसणार आणि सगळ्यांत थोरला कनकगिरीच्या वेढ्यात कामी येणार.

१६४८ चं वर्ष तर नाट्यमयच. जिंजीजवळ शहाजींना दगाबाजीने कैद झाली. लगेच आदिलशहाने दोन फौजा सोडल्या. एक पुण्याकडे फत्तेखानाची, दुसरी बेंगळुरूकडे फरादखानाची. पुरंदरला शिवाजीराजांनी फत्तेखानाला उधळलं हे आपल्याला पाठ आहे. त्याच वेळी बेंगळुरूच्या कोटावर संभाजीराजांनी फरादखानाला परतवलं, हे फार थोड्यांना माहीत. शहाजींच्या सुटकेची किंमत म्हणून कोंढाण्याबरोबर बेंगळुरूचा किल्लाही मागितला गेला. सिंहगड आणि बेंगळुरू एका पारड्यात! पुढेही हा मुलूख भोसल्यांच्याच जहागिरीत राहिला. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे इथे शिकारीत घोड्याचा पाय वेलीत अडकला आणि शहाजीराजे गेले. चन्नगिरीजवळच्या त्या गावात त्यांची समाधी आहे, साधी, उघड्यावरची. महाराष्ट्रातून फार थोडे लोक तिथवर जातात.

बेंगळुरूत मराठ्यांची सगळ्यात जिवंत खूण मल्लेश्वरम् भागात आहे. काडू मल्लेश्वराचं देऊळ, म्हणजे रानातल्या मल्लिकार्जुनाचं. १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजींनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव इनाम दिल्याची नोंद आहे. मल्लपूर हे तेव्हाचं खेडं, त्याच्यावरून पुढे मल्लेश्वरम् हे उपनगर. देवळासमोर रस्ता ओलांडला की नंदीतीर्थ. १९९७ साली ते जमिनीखालून बाहेर काढलं. पायऱ्या उतरून खाली जायचं, दगडी खांबांचा ओवरीसारखा चौक, मधे पुष्करणी. वरच्या अंगाला दक्षिणेकडे तोंड केलेला नंदी, त्याच्या मुखातून पाण्याची बारीक धार अखंड खालच्या शिवलिंगावर पडते आणि तिथून पुष्करणीत. पाण्यात कासवं फिरत असतात. वृषभावतीचा उगम हाच, असं इथले लोक मानतात. बसवनगुडीचे लोक अर्थातच तो त्यांच्या मोठ्या नंदीपाशी आहे असं ठासून सांगतात. दोन्हीकडे वृषभ आहे, तेव्हा मिटवणं अवघड.

१६७५ च्या सुमाराला व्यंकोजी कावेरीच्या मुखाकडे उतरले आणि तंजावरचे राजे झाले. भाताचं कोठार हाती लागल्यावर माळावरचं बेंगळुरू सांभाळणं त्यांना जड होऊ लागलं. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला आले. त्यांना हा बेत सुचवण्यात पुढाकार होता रघुनाथपंत हणमंत्यांचा, बेंगळुरूच्या त्याच कारभारी घराण्यातल्या. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या राजव्यवहारकोशाचं कामही याच रघुनाथपंतांकडे होतं. दोघे भाऊ कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर भेटले. वडिलांच्या दौलतीत निम्मा वाटा थोरल्याने मागितला, धाकटा रातोरात नदी ओलांडून निघून गेला. मग कोलार, शिरा, बेंगळुरूचा वरचा मुलूख महाराजांनी घेतला, लढाई झाली, आणि अखेर तह. बखरीने जपलेल्या या तहातलं एक कलम मला फार आवडतं. बेंगळुरू, होसकोटे आणि शिरा हा मुलूख महाराजांनी व्यंकोजींची राणी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिला. समजुतीचं बोलणं घडवून आणणाऱ्या भावजयीला दीराने चोळीबांगडी करावी यात नवल नाही. चोळीबांगडीत बेंगळुरू देणं हे नवल!

दीपाबाईंचं हे आंदण फार काळ टिकलं नाही. तंजावरहून लक्ष ठेवणं कठीण, खर्च मोठा. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांना विक्रीची बोलणी चालली होती, तेवढ्यात १६८७ च्या जुलैमध्ये औरंगजेबाचा सरदार कासिमखान कोटात शिरला. मोगलांना या गावाचं काय करायचं होतं? त्यांनी ते चिक्कदेवराजालाच देऊन टाकलं. एकोणपन्नास वर्षांचा भोसल्यांचा अंमल असा एका सौद्यात आटोपला. तंजावरची शाखा मात्र १८५५ पर्यंत नांदली. तिथल्या राजांनी पाच-पाच भाषांची नाटकं रचली, १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला. ही बहुभाषेची खोड बेंगळुरूच्या वाड्यातलीच, असं माझं मत.

कोट गेला, माणसं राहिली. चिकपेटच्या बोळांत भावसार आणि नामदेव शिंपी दुकानं सांभाळत राहिले, गवीपुरम् भागात मराठ्यांचा गोसावी मठ आहे, भवानीचे नवस अजून फेडले जातात. इथल्या जुन्या मराठी घरांत बोलणं ऐकलं तर पुण्याचा माणूस गोंधळतो. क्रियापद मराठी, चाल कानडी, मधे तेलुगूचा शिडकावा. मुलं शाळेत कन्नड शिकतात, देवापुढे मराठी आरती म्हणतात. याच मराठी समाजात १९५० साली एका पोलीस शिपायाच्या घरी शिवाजीराव गायकवाड जन्मला. त्याने बेंगळुरूच्या बसमध्ये तिकिटं फाडली, मग घाट उतरून तमिळ मुलखात गेला आणि रजनीकांत झाला. व्यंकोजींचीच वाट, फक्त तंजावरऐवजी चेन्नईतलं सिनेमावाल्यांचं कोडंबाक्कम.

पाण्याची गोष्ट मात्र अजून चालूच आहे. तळी अपुरी पडली तेव्हा १८९० च्या दशकात अर्कावतीवरच्या हेसरघट्ट्याहून नळ आले, नंतर त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीला आणखी एक जलाशय झाला. तोही पुरेना. १९७४ पासून कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि सुमारे अर्धा किलोमीटर उंचीवर, टप्प्याटप्प्याने पंप लावून या कडेवर चढवलं जातं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. बेंगळुरूत ते रोज जातं, विजेचं अफाट बिल भरून.

आणि चढल्यावर त्याचं काय होतं ते आणखी अजब आहे. पूर्वेच्या उतारावरच्या घरांत कावेरीच्या पाण्याने अंघोळी होतात, भांडी घासली जातात, आणि ते सांडपाणी कावेरीकडे परत न जाता दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात उतरतं. ज्या दोन नद्या निसर्गाने वेगळ्या ठेवल्या, त्या बेंगळुरूच्या न्हाणीघरांत एक होतात. हेच पाणी बेळ्ळंदूर तळ्यात साचून फेसाळायचं, कधी तर त्या फेसाला आग लागायची. २०१८ पासून या खोऱ्यातलं काही सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पंपाने कोलार जिल्ह्यातल्या कोरड्या तळ्यांत सोडलं जातं. दुसऱ्या टप्प्यावर न थांबता तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करायला हवं होतं, असं तिथले शेतकरी म्हणतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण विहिरींना पाणी लागलं, तळी भरली हेही खरं. शहाजींच्या जहागिरीतलं कोलार आज कावेरीचं पाणी पितंय, बेंगळुरूने आधी वापरलेलं.